बंद करण्याआधीचं एक मिनिट

ताईचा फोन आला तेव्हा मी एका जोडप्याला सांगत होतो की दोन्ही गाड्यांत इंजिन एकच आहे. दुपार होती, आणि एसी चालू असूनही शोरूमच्या काचेतून ऊन आत येत होतं. नवरा लहान गाडीपाशी उभा होता, बायको मोठीच्या उघड्या दारात. गेली काही वर्षं बरीच गिऱ्हाइकं जो प्रश्न विचारतात तोच त्या बाईंनीही विचारला. ही एवढीशी गाडी, ती एवढी मोठी, मग दोघींना इंजिन एकाच मापाचं कसं? बरं, दुसऱ्या कंपन्यांकडे जाऊन आलो तर तिथेही तेच. एक लिटर, एक पॉइंट दोन, दीड लिटर, आणि टर्बो. हे सगळे एकमेकांची नक्कल करतात का? खिशात फोन थरथरला. मी काढला नाही, उत्तर देत राहिलो. ते उत्तर माझं नव्हतं, देविदासभाऊजींचं होतं. फोन तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मी बाहेर जाऊन घेतला. ताई एवढंच म्हणाली, "विनू, तुये भाऊजी गेले गा."

त्याला आता दोन महिने होत आले. देविदासभाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, सुमनताईचे, यजमान. पेशाने मेकॅनिक. घाट रोडवर त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं, पत्र्याचं, समोर कडुलिंब. माझं कॉलेज सुटलं आणि काही काम मिळेना तेव्हा मी तिथे नुसता बसून असायचो. त्यांनी कधी "काही करत काहून नाही" असं विचारलं नाही. उलट इंजिन उघडलं की हाक मारायचे, "इकडे ये गा, पाहून घे, पुन्हा असं पाहाले भेटत नाही." गाड्या विकायच्या धंद्यात मी आलो तो त्यांच्यामुळे. गाडीबद्दल बोलता येणारा पोरगा पाहिजे, असं कोणीतरी त्यांना म्हणालं होतं आणि त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. पुढे गाड्यांत कॉम्प्युटर आले, जुन्या गाड्या कमी झाल्या, त्यांचं गॅरेज ओस पडत गेलं. तेव्हा मी त्यांना आमच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लावून दिलं. लावून दिलं, हा शब्द मी तेव्हा चारचौघांत मोठ्या आवाजात वापरायचो. आज लिहिताना जड जातो.

पन्नाशी ओलांडलेला तो माणूस टर्बो शिकायला बसला. विशी-पंचविशीतल्या मुलांसोबत प्रशिक्षणाला गेला, वही घेऊन. परत आल्यावर सरळ ताईच्या स्वयंपाकघरात शिरला आणि ओट्यावरचे गंज, म्हणजे स्वयंपाकाची उभी पातेली, खाली उतरवू लागला. रविवार होता, मी तिथेच जेवायला होतो. दर रविवारी असायचो.

"माह्या गंजाले ग्रीसचे हात लावू नका," ताई ओरडली.

"धुतले वं हात. तूच त बोलली धुवा म्हणून." मग माझ्याकडे वळून, "तू विचारून राहिला होता ना, सगळ्या कंपन्या एकाच मापाचं इंजिन काहून बनवते? पाह्य आता."

त्यांनी एका मापाचे तीन गंज फरशीवर ओळीने मांडले. हे तीन सिलिंडर, म्हणाले. एकाएकात पाव लिटरपासून अर्ध्या लिटरपर्यंतच जागा, कारण पेट्रोल नीट जळतं ते त्या मापात. गंज फार मोठा केला तर जाळ कडेपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि मध्येच भलतीकडे भडका उडतो, इंजिन ठोकायला लागतं. फार लहान केला तर अर्धी उष्णता भांड्याच्या अंगातच जाते. म्हणजे गंजाचं चांगलं माप ठरलेलं, जगात कुठेही जा. कंपनी तोच गंज घेते, तीन मांडले की एक लिटर, चार मांडले की एक पॉइंट दोन किंवा दीड. नक्कल नाही, सगळे आपापल्या वाटेनं एकाच ठिकाणी येऊन पोचतात. "अन् दुसरं म्हणजे सरकार. गाडी चार मीटरच्या आत, पेट्रोलचं इंजिन बाराशे सीसीच्या आत, त टॅक्स कमी. मंग तेराशेचं बनवून कोन मरते?" तिसरं त्यांनी बोटावर मोजलं. एका इंजिनचे साचे बनवायचे, यंत्रं बसवायची, धुराच्या परीक्षा पास करायच्या, यात वर्षं जातात. एकदा एवढं केलं की तेच पाच गाड्यांत टाकणं आलं.

"पण मोठ्या गाडीला पुरतं कसं?" मी विचारलं.

"तेच त टर्बो. जाता जाता धूर पंखा फिरवते, अन् त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा आत हवा कोंबते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. किती कोंबाची ते कॉम्प्युटर ठरवते. छोटीले कमी, मोठीले जास्त." मग ते जरा थांबले, मधल्या गंजावर हात ठेवून. "इंजिन तेच राह्यते गा. छोटीमंदी मजेत राह्यते. मोठीमंदीबी ओढते, बोलत नाही काही. पण तपते. तेल लवकर काळं पडते. थे पाहाव लागते."

"झालं का शिकवून?" ताई म्हणाली. "वरण कशात करू मी आता, तुमच्या टर्बोत?"

त्याच दिवसांत त्यांची ती सवय सुरू झाली. कुठूनही आलो की गाडी उभी केल्यावर इंजिन लगेच बंद करू द्यायचे नाहीत. टर्बोचा पंखा लाल होईस्तोवर तापलेला असतो, म्हणायचे, इंजिन झटकन बंद केलं की त्याला तेल मिळणं थांबतं आणि आतलं तेल जागीच जळतं. एक मिनिट नुसतं चालू ठेवायचं, थंड होऊ द्यायचं. नव्या गाड्यांच्या पुस्तकात याची एवढी गरज नाही असं लिहिलेलं आहे, हे मी त्यांना दाखवलंही. "पुस्तक लिहिणारा मे महिन्यात उमरेडवून आला होता काय?" म्हणाले. मग सगळे गाडीत बसून राहायचे, ताई पिशवी मांडीवर घेऊन, मी स्टिअरिंगवर हात ठेवून. मिनिट भरलं की ते म्हणायचे, "झालं. कर बंद." मगच दारं उघडायची.

आता जे सांगायचं ते सांगतो.

उमरेडच्या एका ठेकेदाराला मी दोन गाड्या विकल्या. घरच्यांसाठी लहान आणि खाणीवर माणसं नेण्यासाठी सात जणांची मोठी. दोन्हींत तेच एक लिटरचं टर्बो इंजिन. मोठीबद्दल त्याच्या मनात शंका होती आणि मी ती भाऊजींच्याच शब्दांनी दूर केली, फक्त अर्ध्याच शब्दांनी. इंजिन एकच आहे, देखभाल एकच आहे, लहानीचं जे वेळापत्रक तेच मोठीचं. तपते, तेल काळं पडते, हे मी गिळलं. ते सांगितलं असतं तर सौदा फिसकटला असता असंही नाही. एक साधं, सुटसुटीत वाक्य तयार झालं होतं, मला ते मोडायचं नव्हतं.

काही महिन्यांनी माझी बदली सर्व्हिसच्या काउंटरवर झाली, आणि त्याच्या मोठ्या गाडीचं काम नेमकं भाऊजींच्या हाताखाली आलं. आमच्याकडे मेकॅनिकने जे पाहिलं ते कॉम्प्युटरवर टाकायचं काम काउंटरवाल्याचं. भाऊजींना टायपिंग येत नसे. ते ऑइल फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे. त्या दिवशी ठेवला त्यावर लिहिलं होतं: "मोठी गाडी. तेल लय काळं. लोड जास्त. अर्ध्यातच बदलवा. गिराईकाले सांगा." खाली दोन रेघा ओढल्या होत्या. ठेकेदार समोर उभा होता, घाईत, घड्याळ पाहत. त्याला हे सांगायचं म्हणजे विकताना मी जे सांगितलं ते चूक होतं हेही सांगायचं. मी पुठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला, कॉम्प्युटरवर "सर्व ठीक" टाकलं आणि त्याला किल्ली दिली.

ऐन उन्हाळ्यात खाणीवरून येताना त्याच्या गाडीचा टर्बो गेला, आणि टर्बोचे तुकडे इंजिनात जाऊन इंजिनही गेलं. गाडीत सहा माणसं होती, रस्त्याच्या कडेला तीन तास उन्हात बसली. कोणाला काही झालं नाही, पण ठेकेदार शोरूममध्ये येऊन असा ओरडला की समोरच्या काउंटरवरची गिऱ्हाइकं उठून गेली. मॅनेजरने आम्हा दोघांना आत बोलावलं. तेल पाहिलं होतं का? भाऊजी म्हणाले, पाहिलं होतं. काळं होतं? हो. मग काउंटरला कळवलं का नाही? मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला काही मिळालं नाही सर."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. ते तोंडातून बाहेर आलं आणि मग परत घेता आलं नाही. भाऊजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. इंजिन उघडल्यावर आत काय गेलंय ते पाहायला वाकायचे, तसं. मग मॅनेजरला म्हणाले, "इसरलो असन मी. ध्यानात नाही राह्यलं."

पुढच्या सोमवारपासून ते आले नाहीत. वर्कशॉपमधली मुलं काही दिवस म्हणत राहिली, म्हातारा झाला, नजर राहिली नाही. काउंटरवर मी तसाच बसलो, पुढे पुन्हा शोरूममध्ये आलो, वरच्या जागेवर. भाऊजींनी नंदनवनच्या घराच्या अंगणात स्टूल टाकलं आणि ओळखीपाळखीच्या स्कूटर दुरुस्त करू लागले. घाट रोडवर ज्यांच्याकडे बाकीचे मेकॅनिक अडलं की विचारायला यायचे ते गृहस्थ आता क्लच वायर बदलत बसले. आणि ताई... ताईला हे लागलं. कामात इतके काटेकोर म्हणून मिरवायचे आणि एवढी गोष्ट विसरले! तिच्या माहेरच्या माणसाने लावून दिलेली नोकरी, तिथे भावाची मान खाली गेली, असं तिला वाटे. ती माझी माफी मागायची, त्यांच्या वतीने. वाढता वाढता त्यांना टोमणा मारायची, "मीठ टाकलं का नाही ते पाहून घ्या, नाही त तेबी ध्यानात राहाचं नाही." ते हसायचे आणि भाजी चाखून म्हणायचे, "आहे वं मीठ." मी समोर बसलेला असायचो. सात वर्षं, जवळपास प्रत्येक रविवारी.

पुठ्ठा मी फेकला नाही. का ते मला सांगता येत नाही. काउंटरचं टेबल सोडलं तेव्हा तो घरी आणला. पुढे नवी गाडी घेतली तेव्हा तो तिच्या समोरच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या खाली ठेवला. तिच्यातही इंजिन तेच, एक लिटरचं, टर्बो. त्यांना घेऊन मी कितीदा गेलो आलो. दर वेळी परतल्यावर ते मिनिट यायचं. आम्ही दोघेच असलो की त्या मिनिटात मी ठरवायचो की आज सांगू. कप्पा त्यांच्या गुडघ्यांपासून एका वितीवर. इंजिन हळू चालत असायचं, मी शब्द जुळवायचो, आणि ते म्हणायचे, "झालं. कर बंद."

शेवटचं भेटलो तेही असंच. जाण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी मी त्यांना कळमेश्वरला त्यांच्या जुन्या मित्राकडे नेलं होतं. परत येताना ते थकले होते, सीट मागे करून डोळे मिटून होते. घरासमोर गाडी उभी केली. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाला तरी ते काही बोलले नाहीत. मला वाटलं झोपले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "चांगली ठेवली तू गाडी. आवाज साफ आहे." मी म्हणालो, "भाऊजी..." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, थांबले. खरोखर थांबले. मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो." त्यांनी मान हलवली. "झालं. कर बंद."

त्यांना सगळं माहीतच होतं, मला सांगायचं होतं ते त्यांना कळवण्यासाठी नव्हतंच. पण त्यांनी वाट पाहिली होती. एवढं मला आज समजतं.

तेरवीपर्यंत घरात माणसं येत राहिली. मी दारात उभा राहून चप्पल सरळ करत होतो, पाणी देत होतो. आणि ताई आत येणाऱ्या प्रत्येक बाईला एकच सांगत होती, मी ऐकत होतो. माणूस लय चांगला होता वं, हातात कला होती, पण त्या एका गाडीनं नाव गेलं. ध्यान द्यायला पाहिजे होतं तेवढं दिलं नाही. मंग मनातल्या मनात खचले... तेरा दिवस. शेवटी शेवटी ते वाक्य तिच्या तोंडात घासून गुळगुळीत झालं होतं, माझ्या "इंजिन एकच आहे"सारखं. आता ते असंच राहणार, नातवंडांपर्यंत जाणार.

तेरवीनंतरच्या आठवड्यात तिला उमरेडला नणंदेकडे नेलं, भाऊजींचे काही कपडे द्यायचे होते. येताना ती खिडकीबाहेर पाहत होती. नंदनवनला गाडी उभी केली आणि हात इंजिन बंद करायच्या बटणाकडे गेला नाही, सवयीने. तीही सवयीने बसून राहिली, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन. मी वाकून कप्पा उघडला आणि पुठ्ठा तिच्या हातात दिला.

तिने चष्मा लावला. वाचलं. "अक्षर त त्यायचं आहे," म्हणाली. "काय आहे हे?"

मी सांगितलं. लहान-मोठी गाडी, तेल, पुठ्ठा, मॅनेजरची खोली. फार वेळ लागला नाही, सात वर्षं जे जुळवत होतो ते तीन-चार वाक्यांचंच निघालं. तिने ऐकता ऐकता पुठ्ठा उलटा केला, मागे फिल्टरचं चित्र होतं ते पाहिलं, पुन्हा सरळ केला.

"मी त्यायले रोज बोलली, विनू."

मी कप्पा बंद केला.

"रोज बोलली मी. अन् तू समोर बसून जेवत होता." तिचा आवाज चढला नव्हता. "माह्या हातचं जेवत होता गा तू."

ती उतरली. मिनिट व्हायचं होतं. दार तिने उघडंच टाकलं, पुठ्ठा मात्र सोबत नेला. मी बराच वेळ इंजिन चालू ठेवून तिथेच बसून राहिलो. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. माझ्याजवळ जे होतं ते मी तिला दिलं होतं, एवढंच. भाऊजींनी सात वर्षं ज्याच्यापासून तिला वाचवलं, बोलल्याचा पश्चात्ताप, तोच मी तिच्या ओटीत टाकून आलो होतो. तरीही न सांगणं हे त्याहून वाईट होतं, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणू शकतो.

हे मी पेपरच्या पुरवणीत लिहितो आहे, कारण त्या वर्कशॉपमधली काही माणसं ही पुरवणी वाचतात. मॅनेजर निवृत्त झाले, तेही वाचत असतील. तो ठेकेदारही. म्हणून साफ लिहितो. देविदासभाऊजी विसरले नव्हते. त्यांनी पाहिलं होतं, लिहिलं होतं, खाली दोन रेघा ओढून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. विसरलो असं ते म्हणाले ते माझ्यासाठी.

पुठ्ठा दिला त्या दिवसानंतर तीन आठवडे ताईचा फोन नाही. मी दोनदा केला, उचलला नाही. रविवारी जेवायला गेलो नाही, जायचं तोंड नव्हतं. मागच्या शनिवारी तिचा फोन आला. "डोळे दाखवाले जाचं आहे. गाडी घेऊन ये." एवढंच, आणि ठेवला.

गेलो. जाताना बोलली नाही, येताना बोलली नाही. दवाखान्यात डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून ती पदर डोळ्यांवर धरून बसली होती. मधे फक्त एकदा, चौकात सिग्नलला, म्हणाली की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आता खरं काय ते सांगते. "तुयं नाव घेऊन सांगतो," म्हणाली. मी म्हणालो, "घे."

घरासमोर गाडी उभी केली. अंगणात त्यांचं स्टूल तसंच होतं, कोणाची तरी स्कूटर अजून भिंतीला टेकलेली. दार उघडून ती उतरेल असं मला वाटलं. मी हात मांडीवर ठेवला, बटणाकडे नेला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. ती उतरली नाही. पदर डोळ्यांवरून खाली घेतला, पिशवी मांडीवर सरळ केली आणि समोर पाहत बसली. इंजिन हळू चालत होतं. आवाज साफ होता.

मग ती म्हणाली, "झालं. कर बंद."